डॉक्टर येईपर्यंत

चहा घ्या, पण हसायचं नाही असं आधी कबूल करा. मागच्या वेळी हाच किस्सा मेहुण्याला सांगितला, तर हसता हसता त्याच्या हातून बशी फुटली. बशी आमची होती. सोनईच्या दवाखान्यात मी जे दिवे लावले, ते मी स्वतःच सांगितलेलं बरं. माझी बायको प्रमिला सांगते तेव्हा त्यात मी फारच येडा दिसतो. माझ्या सांगण्यात थोडा कमी दिसतो, एवढाच फरक.

तर मी साळवे. हायस्कुलात मराठी शिकवायचो, पण तो आपला पोटापुरता धंदा. माझं खरं काम सूत्रसंचालन! तेव्हा, म्हणजे नव्वदीच्या मधल्या वर्षांत, आमच्या भागात माईक आणि माणसं एका जागी आली की साळवे सरांना बोलावणं यायचंच. जयंती असो, लग्न असो, कुणाची निवृत्ती असो, कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो, नव्या टेम्पोला हार घालायचा असो. एकदा एकाच्या बोअरला पाणी लागलं, तर त्या पाण्याचंही मी स्वागत केलं होतं. स्वागतगीतासह.

माझ्याकडे दोन हत्यारं होती. पाहुण्याला उठवायचं असलं की म्हणायचं, "दोन शब्द बोलावेत." आणि पाहुणा आवरेना की म्हणायचं, "वेळेअभावी." बास! वेळेअभावी म्हटलं की आमदार खाली बसतो. एका पुण्यानुमोदनात मी गेलेल्या माणसाच्या सख्ख्या भावाला वेळेअभावी बसवलं होतं, ते रडायच्या बेतात असताना. आता तुम्ही विचाराल, सर, हे तुम्ही स्वतःला कधी लावलं का? नाही लावलं. डॉक्टर स्वतःचं ऑपरेशन करतो का?

आता आमची सुजाता. एकुलती एक. दहावीला शाळेत पहिली आली. जूनमध्ये गुणवंतांचा सत्कार ग्रामपंचायतीपुढच्या पटांगणात, आणि सूत्रसंचालक कोण, ते सांगायला नको. पोरगी लहानपणापासून अबोल, चारचौघांत तोंड उघडायची नाही. पण त्या दिवशी म्हणाली, "बाबा, मी मनोगत बोलणार." आठवडाभर आरशापुढं उभी राहून पाठ करत होती. आम्ही गेलो की गप्प व्हायची. मला तर ऊर भरून आला.

झालं काय, पाहुणे उशिरा आले. ते येईपर्यंत लोकांना धरून ठेवणं माझं काम. ते मी केलं. मग पाहुण्यांचा परिचय मी करून दिला. तो जरा सविस्तर झाला. मग पाहुणे बोलले. सुजाताचा नंबर आला तेव्हा लाइट जायची वेळ झालेली. लोडशेडिंग हो! लाइट गेली की माईक गेला, आणि माईक गेला की मी गेलो. तेव्हा मी शांतपणे जाहीर केलं, "वेळेअभावी सुजाताचं मनोगत तिचा बाप या नात्यानं मीच दोन शब्दांत मांडतो." आणि मांडलं. लाइट जाईपर्यंत मांडलं.

ती माझ्या शेजारी गळ्यात हार घालून उभी होती.

त्या संध्याकाळपासून पोरगी माझ्याशी बोलायची थांबली. भांडण नाही, रुसवा नाही, आदळआपट नाही. जेवायला बसलं की म्हणायची, "आई, बाबांना सांग, मीठ द्या." मीठ माझ्या हाताशी. मी मीठ द्यायचो. ती म्हणायची, "आई, बाबांना सांग, पुरे." मला वाटलं, निवळेल चार दिवसांत. पण पाऊसकाळ गेला, दिवाळी गेली, स्वेटरं निघाली, तरी काही नाही. मी आपला एकटाच बोलायचो. घरात आपल्या पोरीचा आवाज असतो आणि तो आपल्यासाठी नसतो, याचा लई त्रास होतो हो. कुणाला सांगायची सोय नाही. मी सांगायला लागलो की लोकांना वाटायचं, कार्यक्रम सुरू झाला.

प्रमिला सोनईतल्याच एका ट्रस्टच्या दवाखान्यात नर्स होती. एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, दर शनिवारी नगरहून मानसोपचारासाठी डॉक्टर येतात दवाखान्यात. मी सुजाताला नेतेय हल्ली. कॉलेजातसुद्धा ती कुणाशी बोलेना, म्हणून."

"मनाचे डॉक्टर? आणि करतात काय?"

"सगळ्यांना गोल बसवतात. मोठी माणसं असतात, शाळा-कॉलेजातली पोरं असतात. ज्याला जे बोलायचं ते तो बोलतो, बाकीचे ऐकतात. डॉक्टरांनी या शनिवारी तुम्हाला बोलावलंय."

मी विचारलं, "सूत्रसंचालन कोण करतं?"

"कुणी नाही."

"प्रास्ताविक?"

"नाही."

"आभार तरी?"

"अहो, तो कार्यक्रम नाहीये. उपचार आहे तो!"

"म्हणजे माणसं जमतात, बोलतात, आणि आभार न मानता उठून घरी जातात? मग बरी कशी व्हायची?"

प्रमिलानं तव्यावरची भाकरी उलटली. "तुम्ही तिथं फक्त ऐकायचं," ती म्हणाली. "सुजातासाठी. एवढं कराल?"

मी म्हटलं, "करीन." आणि मनापासून म्हटलं. आता शनिवारी निघताना सवयीनं पिशवीत एक शाल, नारळ आणि गुलाबाचं फूल टाकलं, तो भाग वेगळा. नगरहून माणूस येतो आणि रिकाम्या हातानं जातो, हे आमच्या सोनईला शोभतं का?

सुजाता माझ्या एम-एटी गाडीवर मागं बसली. मधे पिशवी. नारळ माझ्या पाठीत टोचत होता, पण मी काही बोललो नाही. म्हणजे तिच्याशी.

दवाखान्यात प्रमिला खाली इंजेक्शनच्या रांगेत अडकलेली. आम्ही दोघं वर गेलो. जिथं लहान पोरांना डोस पाजतात ती खोली. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. टेबल नाही, सतरंजी नाही, फुलदाणी नाही. पाहुण्यांसाठी उंच खुर्ची तर नाहीच. एक भानुदास तात्या होते, गावाबाहेरच्या वस्तीवरचे शेतकरी. एक संदीप नावाचा कॉलेजातला पोरगा. दोन-तीन बायका. आणि एक तिशीच्या आतली मुलगी. विटका सुती ड्रेस, साधी वेणी, हात मांडीवर. कुणाशी बोलत नव्हती, नुसती एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. मला बघून अगदी हळू आवाजात "या, बसा" म्हणाली आणि परत गप्प. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, या सगळ्यांत हिचंच दुखणं मोठं दिसतंय.

आणि डॉक्टरांचा पत्ता नाही.

आता तुम्हीच सांगा, पाहुणे वाटेत आहेत, माणसं ताटकळत बसलीत, अशा वेळी सूत्रसंचालकानं काय करायचं? प्रमिलाला दिलेला शब्द होताच. पण तो डॉक्टर आल्यानंतरचा. डॉक्टर येईपर्यंतचं काही ठरलं नव्हतं.

मी उठलो. घसा साफ केला.

"उपस्थित बंधू-भगिनींनो आणि विद्यार्थी मित्रांनो! डॉक्टरसाहेब नगरहून निघालेले आहेत, कोणत्याही क्षणी त्यांचं आगमन होईल. तोपर्यंत आपण कार्यक्रमाला सुरुवात करू."

ती विटक्या ड्रेसमधली ताई म्हणाली, "सर, मी—"

"ताई, तुमचं सगळ्यात शेवटी घेतो," मी प्रेमानं म्हणालो. "अगदी निवांत. इथं तुम्हाला कुणी हसणार नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग सुजाताकडं पाहिलं. आणि मग ती खुर्चीत मागं रेलून बसली. मी मनात म्हटलं, बघा, दोन गोड शब्दांनी माणसाला किती आधार वाटतो!

सुजाता माझा सदरा ओढत होती. मला वाटलं, पोरीला अभिमान वाटतोय. मी आणखी ताठ उभा राहिलो आणि स्वतःची चारोळी म्हटली. चारोळी दोनच ओळींची होती.

"दुःखाचं गाठोडं कुणी पाठीवर वाहू नये,
कार्यक्रमाला येऊन कुणी मागच्या रांगेत राहू नये!"

गोलात मागची रांग नसते, हे म्हणून झाल्यावर लक्षात आलं. पण वेळ गेलेली होती.

"तर सुरुवातीला भानुदास तात्या दोन शब्द बोलतील. टाळ्या!"

तात्या बिचकत उभे राहिले. आधी त्या ताईकडं बघितलं, तिनं मान हलवली. "आवं, काय बोलायचं... मंडळी गेल्यापासनं मला झोप येत न्हाई. घर लई मोठं वाटतंय. एकटाच हाय. रेडूवर गाणी लावून बसतो, पर बोलाया कुनी न्हाई."

"व्वा! तात्यांनी अतिशय मोलाचे विचार मांडले. जोरदार टाळ्या!"

लोकांनी वाजवल्या. तात्या तसेच उभे. "टाळ्या कशापायी? मला झोप येत न्हाई, सर."

"म्हणूनच, तात्या. हिमतीबद्दल."

"बरं," म्हणून तात्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि बसले.

मग संदीप. तो म्हणाला, "सर, आधी एक सांगायचं होतं, त्या ताई आहेत ना—"

"विषयाला धरून बोल बाळा, वेळ कमी आहे."

"मग... मला वर्गात वाचायला उभं केलं की सगळे हसतात. आता मी वर्गातच जात नाही."

"संदीपनं तरुणांपुढं आदर्श ठेवला आहे!" म्हणालो मी. आता तो कसला आदर्श, ते मला आजही सांगता यायचं नाही. पण वाक्य तयार होतं, ते आलं. दोन टाळ्या वाजल्या, त्यातली एक माझी.

तोपर्यंत सुजातानं सदरा सोडून कोपरानं ढोसायला सुरुवात केली होती. डोळे मोठे करत होती, मानेनं काहीतरी दाखवत होती. तोंड मात्र बंद! सगळ्या खोलीत खरं काय ते मला ठणकावून सांगू शकेल असं एकच माणूस, आणि त्याचा माझ्याशी अबोला. मी तिला म्हटलं, "तहान लागली का? प्रमुख पाहुणे आले की चहा आहे."

डॉक्टर अजून आलेले नव्हते. मी घड्याळाकडं बघितलं आणि माझा पारा चढला. वेळ न पाळणारा माणूस मला सहन होत नाही.

"मित्रहो, आज डॉक्टर आले नाहीत. म्हणून आपलं काही अडलं का? नाही अडलं! मी तर म्हणतो, या नगरच्या मोठ्या डॉक्टरांना आपल्यासारख्यांची किंमतच नाही. नसू दे! डॉक्टरशिवायही माणूस बरा होतो. नव्हे, डॉक्टर नसला तर लवकर बरा होतो!"

त्या ताईनं ओढणी तोंडाला लावली. खांदे हलायला लागले. मी म्हटलं, रडतेय बिचारी! मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो.

"ताई, मोकळं व्हा. घरी कोण त्रास देतं?"

"नाही हो. घरी कुणी नाही देत," ती ओढणीतून म्हणाली.

"जेवण जातं?"

"जातं."

"झोप?"

"छान लागते."

मी तात्यांच्या कानाशी लागलो. "लपवतायत."

"आवं सर, त्या तर—"

"तात्या, वेळेअभावी!"

तात्या गप्प बसले. मी पिशवी उघडली. म्हटलं, तो डॉक्टर गेला खड्ड्यात. ज्याला गरज आहे त्यालाच मान द्यावा. "मित्रहो, जी शाल मी डॉक्टरसाहेबांसाठी आणली होती, ती आज मी आपल्यातल्या सर्वांत खचलेल्या, सर्वांत एकाकी अशा या भगिनीला देतो. यातून त्यांना जगण्याची उमेद मिळो!" तिच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ आणि फूल दिलं. "सुजाता बाळा, ताईंच्या हाताला धरून त्यांना उभं कर. त्यांना आधाराची—"

"बाबा! बास! त्याच डॉक्टर आहेत!"



आता तुम्हाला वाटेल, मी शरमेनं अर्धा झालो असेन. छे! मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. मला ऐकू आलं ते फक्त "बाबा". जूननंतर पहिल्यांदा! माझ्या पोरीनं मला बाबा म्हटलं, आईला मधे न घालता, थेट माझ्या तोंडावर! माझे डोळे भरून आले. मी तात्यांचे दंड धरून हलवले. "तात्या, ऐकलंत? बोलली! बाबा म्हणाली!" आणि त्या ताईकडं वळून म्हणालो, "ताई, डॉक्टर आत्ता इथं असते ना, तर त्यांना दाखवलं असतं!"

ताई म्हणाल्या, "दिसलं मला, सर."

मग हळूहळू वाक्याचा राहिलेला भाग पोचला. एकेक शब्द आला. "त्याच" आला, "डॉक्टर" आला, "आहेत" आला. दारात प्रमिला इंजेक्शनचा ट्रे घेऊन उभी होती. डॉक्टर शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन बसलेल्या बघितल्या आणि तिनं नुसते डोळे मिटून घेतले.

"मॅडम," मी म्हणालो, "गैरसमजाबद्दल दोन शब्द—"

"नंतर, सर," डॉक्टर म्हणाल्या. आवाज तोच, हळू. "मी थांबवणारच होते तुम्हाला. पण सुजाता केव्हा बोलते ते मला बघायचं होतं. आता तुम्ही बसा. सुजाता बोलेल. मधे कुणी बोलायचं नाही."

"थोडं प्रास्ताविक—"

"नाही."

मी बसलो. हात मांड्यांखाली दाबून धरले, कारण हात मोकळे असले की मी बोलतो.

सुजातानं आधी माझ्या दाबलेल्या हातांकडं बघितलं. मग खाली बघत म्हणाली, "माझं मनोगत बाबांवरच होतं."

मी मांड्यांखालचे हात आणखी दाबले.

"लहानपणी मी अडखळायचे," ती म्हणाली. "एक शब्द बाहेर यायला लई वेळ लागायचा. सगळे म्हणायचे, लवकर बोल. बाबा नाही म्हणायचे. घोडेगावच्या बाजाराला मला गाडीवर पुढं बसवायचे आणि वाटेतल्या पाट्या वाचायला लावायचे. माझा शब्द अडला की गाडी थांबवायचे. म्हणायचे, होऊ दे उशीर, मी थांबलोय. मागून लोक हॉर्न वाजवायचे, तरी थांबायचे. मला ते सगळ्या गावापुढं सांगायचं होतं. बाबांनी मला बोलायला शिकवलं, असं." आणि मग तिचा आवाज कापला. "तर त्यांनीच वेळेअभावी..."

पुढं तिला बोलवेना. प्रमिला दारात ट्रेसकट रडत होती. आणि खरं सांगू का? त्या क्षणी माझं तोंड उघडलं. सवय हो! "सुजातानं अतिशय" इथपर्यंत ओठावर आलं होतं. सगळी खोली माझ्याकडं बघायला लागली. तात्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "सर, दम धरा."

मी दम धरला. आयुष्यात एवढं अवघड काम मी केलेलं नाही. पोरगी रडली, डोळे पुसले, पुन्हा बोलली, मधे अडली, परत बोलली, आणि मी थांबलो होतो. सगळ्यांचं झाल्यावर माणसं उठली आणि आभार न मानता घरी गेली. तात्या मात्र जाताना संदीपला म्हणाले, "वस्तीवर येत जा की सांजचं. पेपर वाचून दाव मला. म्या न्हाई हसायचो." हे माझ्या कार्यक्रमपत्रिकेत कुठंच नव्हतं.

परत निघालो. सुजाता मागं बसली. आता मधे पिशवी नव्हती. कडुलिंबांच्या रांगेपाशी आलो आणि माझ्यानं राहवेना. गाडी बाजूला घेऊन बंद केली.

"सुजाता, मला तुला दोन शब्द सांगायचेत."

मागून आवाज आला, "दोनच?"

"दोनच."

"सांगा."

"चुकलं माझं."

ती काही बोलली नाही. मला वाटलं, संपलं, परत आईमार्फत मीठ. मग पाठीला तिचं कपाळ टेकलं. म्हणाली, "होऊ दे उशीर."

आता शहाण्या माणसानं इथं गाडी सुरू करावी की नाही? पण मला इतकं भरून आलं होतं, की मी हँडल सोडलं, घसा साफ केला आणि म्हणालो, "या प्रसंगी मला आवर्जून सांगावंसं वाटतं, की बाप आणि मुलगी या नात्याकडं आपण जेव्हा—"

"बाबा."

"काय गं?"

"वेळेअभावी."

मी मुकाट्यानं किक मारली.